जुन्या कॅम्पर व्हॅनचा सडका पत्रा: मुंबईत कमी पैशांत पक्कं काम कसं करून घ्यावं

जुन्या व्हॅनच्या पत्राकामात पैसे वाचवायचे असतील तर स्वस्तातला मिस्त्री शोधत फिरू नका. चांगला मिस्त्री धरा आणि त्याचा वेळ वाचवा. या कामात पत्र्याची किंमत किरकोळ असते, वेल्डिंगची वायर आणि गॅस त्याहून किरकोळ. बिल फुगतं ते मजुरीनं. त्यातही बरीचशी मजुरी पत्र्याला हात लागायच्या आधीच खर्ची पडते. सीटा काढा, प्लाय उचला, वायरिंग बाजूला बांधा, काचा उतरवा, जाम झालेले बोल्ट सोडवा. ही सगळी कामं घरचा माणूस पाना-पकड घेऊन करू शकतो. डेंटरकडून, म्हणजे पत्रा ठोकून सरळ करणाऱ्या मिस्त्रीकडून, करून घेतलीत तर हमालीच्या कामाला कारागिराचा रोज मोजावा लागतो.

मी माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये पत्राकामाला होतो. ओव्हरहॉलिंगला आलेल्या डब्यांचा सडलेला पत्रा कापायचा आणि नवा बसवायचा, यातच नोकरी झाली. निवृत्तीनंतर मेहुण्याची १९८६ची बजाज टेम्पोची मॅटाडोर घेतली. मागे बेड, सिंक आणि छोटा ओटा बसवलेला. ती बनवणारी कंपनी २००५पासून फोर्स मोटर्स या नावानं चालते, मॅटाडोर कधीच बंद झाली. त्यामुळे तयार पॅनल मिळत नाही, जे लागेल ते घडवून घ्यावं लागतं. मुंबईत हे शक्य आहे, आणि अजूनही परवडतं, कारण पत्रा वाकवणारे, ठोकणारे, जोडणारे हात या शहरात अजून शिल्लक आहेत. ते हात वापरले गेले पाहिजेत असं मला मनापासून वाटतं.

आधी पाणी शोधा, मग गंज

रेल्वेच्या डब्याला गंज कुठे लागतो हे आम्हाला डबा उघडायच्या आधीच माहीत असायचं. संडासाखालची जमीन, दरवाज्याची पायरी आणि बाजूच्या भिंतीचा तळ. जिथे पाणी पडतं आणि वाळत नाही, तिथे. कॅम्परचंही तेच आहे. सिंकच्या खालचा फ्लोअर बघा, सरकत्या दरवाज्याचं फूटबोर्ड बघा, चाकांच्या कमानी बघा. कॅम्पर करताना पत्रा कापून जादा खिडक्या बसवलेल्या असतात. त्यांच्या कापलेल्या कडांना बहुतेक वेळा कुणी प्रायमर लावलेला नसतो, रबराखाली उघडं लोखंड असतं. छताच्या कडेची पन्हळ, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणारी पट्टी, तीही नीट तपासा. तिच्या सांध्यातलं सीलंट वाळून तडकलं की पाणी भिंतीच्या आतून खाली उतरतं आणि गंज दिसतो तो पार खाली. मग लोक खालचा पत्रा बदलतात, वरची फट तशीच राहते, आणि दोन पावसाळ्यांत नवा पत्राही जातो.

म्हणून पहिलं काम बादलीचं. एक माणूस आत टॉर्च घेऊन बसवा, दुसऱ्यानं बाहेरून पाणी टाकायचं. सुरुवात खालून करायची आणि हळूहळू वर जायचं. आधी फूटबोर्ड, मग खिडकीची खालची कड, मग वरची, शेवटी छत. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडेच ओघळतं आणि शिरलं कुठून ते कळत नाही. जिथे आत थेंब दिसेल तिथे बाहेरून खडूनं खूण करा. याला खर्च काहीच नाही.

आतला प्लाय उचलल्याशिवाय पुढे जाऊ नका. कॅम्परचा फ्लोअर बहुधा पत्रा, त्यावर फोम किंवा जुनं कारपेट, त्यावर प्लाय असा असतो. बेडच्या फ्रेमचे स्क्रू या सगळ्यातून आरपार खाली गेलेले असतात, आणि प्रत्येक स्क्रूच्या भोकातून चाकांनी उडवलेलं पाणी वर चढतं. मधला फोम ते धरून ठेवतो. माझ्या गाडीत प्लाय वरून अगदी धडधाकट होता. तो उचलल्यावर खालचा पत्रा खारी बिस्किटासारखा पदर सुटून हातात आला.

गंज किती खोल आहे ते दोन साध्या गोष्टी सांगतात. एक, लोहचुंबक. फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथे पकड ढिली पडते तिथे रंगाखाली लांबी भरलेली आहे, म्हणजे पुट्टी. दोन, जुना स्क्रूड्रायव्हर. संशयाच्या जागी टोक ठेवा आणि मूठ तळहातानं दाबा. चांगला पत्रा दाद देत नाही. सडलेला करकरतो आणि टोक आत जातं. माझ्या मॅटाडोरच्या सरकत्या दरवाज्याखाली ते मुठीपर्यंत गेलं. आत पत्राच नव्हता. पूर्वीच्या कुठल्याशा गॅरेजवाल्यानं भोकात गोणपाट कोंबून त्यावर अंगठाभर जाडीची लांबी ओढली होती आणि वरून झकास रंग मारला होता. गोणपाट ओलं होतं. पाऊस थांबून बरेच दिवस झाले होते तरी ओलं होतं.

रंगावर आलेला बारीक फुगा कधीही हलक्यात घेऊ नका. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो रंगाला खालून उचलतो. बाहेर वाटाण्याएवढा फुगा दिसला तर आतून तळहाताएवढी जागा गेलेली असू शकते.

कुणाकडे जायचं

व्हॅनच्या अंगाचे दोन भाग पाडा. सरळ पत्रा आणि गोलाई. फ्लोअर, भिंतींचा खालचा भाग, फूटबोर्ड, आतले चॅनल, हा सगळा सरळ पत्रा. पुढचं नाक, चाकांच्या कमानी, काचेभोवतालची चौकट, ही गोलाई. ही दोन कामं दोन वेगळ्या कारागिरांना दिली की पैसे वाचतात आणि काम चांगलं होतं.

सरळ कामाला कारवाल्या डेंटरकडे जाऊ नका. ट्रक, टेम्पो आणि स्कूल बसची बॉडी बांधणाऱ्यांकडे जा. वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलच्या बाजूला, कळंबोलीला, भिवंडीच्या रस्त्याला असे लोक भेटतात. त्यांना लांब पत्रा सरळ रेषेत जोडायची सवय असते, जागा मोठी असते, आणि कॅम्पर बघून ते बिचकत नाहीत. गोलाईला मात्र डॉली-हातोडीवर (डॉली म्हणजे पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) हात बसलेला जुना डेंटर हवा. कुर्ला आणि कालिना या बाजूला, सीएसटी रोडच्या आतल्या गल्ल्यांत, असे म्हातारे कारागीर अजून आहेत. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये आता पॅनल बदलतात, ठोकून कोणी घडवत नाही.

मिस्त्री पारखायचा असेल तर त्यानं रंगवलेली गाडी बघू नका, अर्धवट उघडी गाडी बघा. वेल्डिंग झालेलं आहे पण प्रायमर मारायचा आहे, अशी. सांधा दोन्ही बाजूंनी साफ केलाय का, की गंजलेल्या कडेवरच नवा तुकडा चिकटवलाय, ते तिथे लगेच दिसतं. मी ज्याच्याकडे काम दिलं तो साताऱ्याकडचा. मी विचारलं, "हे भोक लांबीनं भरून मिळेल का?" मुद्दाम विचारलं होतं. तो म्हणाला, "काका, भरून देईन, पण माझं नाव सांगू नका कुणाला." त्याच्याकडेच काम दिलं.

पत्रा आणि फर्मा

पत्रा स्वतः विकत आणा. साध्या भाषेत सीआर शीट (कोल्ड रोल्ड, म्हणजे थंड लाटलेला पत्रा) मागा. फ्लोअरला १८ गेज, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर. भिंतीला आणि बाहेरच्या अंगाला २० गेज, साधारण ०.९ मिलिमीटर. त्याहून जाड घालायचा मोह होतो, "मजबूत होईल" असं सगळेच म्हणतात. पण जाड पत्रा जुन्या पातळ पत्र्याला जोडताना पातळ बाजू जळते, आणि गाडीचं वजन वाढतं ते वेगळंच. पूर्ण शीट लागत नसेल तर दुकानदाराकडे उरलेले तुकडे मागा, किलोवर मिळतात. रे रोडच्या दारूखान्यात लोखंड ढिगानं दिसतं, पण तिथलं बरंचसं जहाजाच्या तोडकामातलं आणि जाड असतं. बेडच्या फ्रेमला अँगल हवा असेल तर तिथे बघा, बॉडीला तो माल नको. जस्ताचा मुलामा असलेला जीआय पत्रा घ्यायचाच असेल तर सांध्याजवळचं जस्त घासून काढल्याशिवाय वेल्डिंग करू देऊ नका. त्याचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी-ताप भरतो. वर्कशॉपमध्ये हे बघितलेलं आहे.

सगळ्यात जास्त पैसे वाचले ते फर्म्यामुळे, म्हणजे पुठ्ठ्याच्या नमुन्यामुळे. जाड पुठ्ठा घ्यायचा, फ्रिजच्या खोक्याचा चालतो. सडलेल्या भागावर धरून कात्रीनं आकार काढायचा, कुठे किती वाकवायचं त्या रेषा मार्करनं ओढायच्या, आत की बाहेर तेही लिहायचं. मग पत्रा आणि फर्मा घेऊन कटिंग-बेंडिंगवाल्याकडे जायचं. साकीनाका, कुर्ला, ठाण्याची वागळे इस्टेट, कुठेही छोट्या गाळ्यात पत्रा कापायचं (शिअरिंग) आणि वाकवायचं (बेंडिंग) मशीन असतं. सगळे तुकडे एकदमच न्या, म्हणजे तो मशीन एकदाच लावतो. चॅनल आणि फूटबोर्डचा मोड मशीनवर मिनिटांत निघतो. तेच डेंटरनं हातोडीनं काढायचं म्हटलं तर दिवस जातो आणि रेषही तितकी सरळ येत नाही.

खिडकीचं रबर, बिडिंग, दरवाज्याचे बिजागर अशा वस्तू ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत विचारा, जुना तुकडा कापून नमुना म्हणून सोबत न्या. वायर ब्रश, ग्राइंडरची चाकं, क्लॅम्प यासाठी नागदेवी स्ट्रीटचा हत्यारांचा बाजार.

जर्मन फोक्सवॅगनची कॉम्बी ज्यांच्याकडे आहे त्यांचा प्रश्न वेगळा आहे. तिचे दुरुस्तीचे पॅनल परदेशात तयार मिळतात. पण जहाजाचं भाडं आणि कस्टम ड्यूटी धरली तर सरळ तुकडे इथेच घडवलेले स्वस्त पडतात. पुढच्या काचेखालच्या गोलाईसारखा एखादाच अवघड भाग मागवावा. त्या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, तिच्या उंबऱ्याखालचे बंद चॅनलच भार घेतात. ते कापण्याआधी गाडी सपाट जागी चार ठिकाणी टेकू देऊन उभी करा, आणि एका वेळी एकच बाजू कापा. नाहीतर अंग वाकतं आणि दरवाजे पुन्हा बसत नाहीत.

भाव कसा ठरवायचा

गंजाच्या कामाचा उक्ता भाव सुरुवातीलाच ठरवू नका. रंगाखाली काय आहे हे तुम्हाला दिसत नाही आणि मिस्त्रीलाही दिसत नाही. उक्तं ठरवलंत की तो एकतर भीतीपोटी जास्त सांगतो, नाहीतर कमी सांगतो आणि पुढे जास्तीचं सडकं निघालं की लांबीखाली झाकतो. दुसऱ्या प्रकारात दोष एकट्या त्याचा नसतो, त्या भावात त्याला परवडत नसतं.

आधी उघडण्याचं काम रोजावर द्या. रंग खरवडला, सडकं कापलं, चकचकीत पत्रा लागेपर्यंत मागे गेलो, इथपर्यंत रोज. मग दोघांनी मिळून गाडीभोवती फिरा, प्रत्येक भोकाला मार्करनं नंबर द्या, फोटो काढा. आता प्रत्येक तुकड्याचा उक्ता भाव ठरवा आणि कागदावर लिहा. आता अंदाज खरा असतो आणि भांडण होत नाही.

रंगाचा हिशेब वेगळा ठेवा, शक्यतो माणूसही वेगळा. डेंटिंग-पेंटिंग एकत्र दिलं की वेल्डिंगवर पटकन प्रायमर चढतो आणि सांधे बघायला मिळत नाहीत. माझी अट एकच होती: मी बघितल्याशिवाय प्रायमर नाही. पैसे टप्प्यानं द्या, आणि शेवटचा हप्ता बादलीची परीक्षा परत झाल्यावर. ही अट पहिल्याच दिवशी सांगा, शेवटच्या दिवशी सांगितली तर कुणालाही राग येईल.

वेल्डिंगच्या वेळी तिथे हजर राहा

पातळ पत्र्याला सीओटू वेल्डिंगच हवं, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या आवरणात वायर वितळवून केलेलं. साध्या आर्कनं भोकं पडतात. गॅस वेल्डिंगचा शेक फार लांबवर पसरतो आणि सपाट भिंत लाटेसारखी होते. ०.८ मिलिमीटरची वायर, आणि सलग रेघ ओढायची नाही. एक टाका इकडे, दुसरा पार पलीकडे, मधे थंड होऊ द्यायचं, मग टाक्यांमधल्या जागा भरत यायचं. घाई करणारा मिस्त्री इथे ओळखू येतो.

सुरू करण्याआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडा, आणि अल्टरनेटरची जोडणीही. कॅम्परचा गॅस सिलिंडर गाडीतून काढून लांब ठेवा, हे सांगायची वेळ येऊ नये पण मी सिलिंडरसकट वेल्डिंग चाललेलं बघितलं आहे. डिझेलची टाकी जवळ असेल तर उतरवा. भिंतीतला फोम काढलेलाच असावा. ठिणगी फोममध्ये तासभर धुमसते आणि मिस्त्री जेवायला गेल्यावर पेट घेते. ओलं गोणपाट, पाण्याची बादली आणि आग विझवायचा सिलिंडर हाताशी हवा.

पाणी निघायची भोकं बंद होऊ देऊ नका. दरवाज्याच्या तळाला आणि उंबऱ्याच्या चॅनलला कंपनीनं बारीक भोकं ठेवलेली असतात. नव्या पत्र्याला ती पाडायला मिस्त्री विसरतात, किंवा सीलंटनं बुजवतात. मी प्रत्येक भोकात झाडूची काडी घालून बघायचो. काडी गेली नाही तर ते पॅनल मंजूर नाही. जिथे नवा पत्रा जुन्यावर चढवून जोडलाय, तिथे दोन थरांमधली फट दोन्ही अंगांनी सीलंटनं भरून घ्या.

चासी नंबर कोरलेला आहे त्या जागेला कुणीही ग्राइंडर लावायचा नाही. काम सुरू होण्याआधी नंबरचा फोटो काढा, त्यावर ग्रीस लावा आणि चिकटपट्टी मारा.

प्रायमर, रंग आणि पावसाचं वेळापत्रक

मुंबईच्या हवेत उघडा पत्रा एका रात्रीत लालसर होतो. त्यामुळे जेवढं दिवसात साफ कराल तेवढ्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर चढला पाहिजे. गॅरेजमध्ये सवयीनं रेड ऑक्साइड मारतात. फ्लोअरच्या खालच्या बाजूला मी ते चालवून घेत नाही, इपॉक्सीचा जास्तीचा खर्च इथे वसूल होतो. बारीक खड्ड्यांत रुतलेला गंज ब्रशनं निघत नाही. तिथे फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर लावा, डब्यावर लिहिल्याप्रमाणे धुऊन किंवा पुसून पूर्ण वाळवा, मगच प्रायमर.

लांबी वाईट नाही. बारीक उंचसखलपणा भरायला ती हवीच. पण ती पाणी शोषते. लांबी मारलेली गाडी रंगाशिवाय पावसात किंवा दवात उभी राहिली की ओलावा आत बसतो आणि पुढे वर्षभरानं फुगे येतात.

सांताक्रूझला पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी २,२०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्यामुळे वेळापत्रक हेच ठेवा: पावसाळ्यात गळती शोधा आणि आतलं सगळं उतरवून ठेवा, दसऱ्यानंतर पत्रा कापायला घ्या, नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत रंग. मे महिन्यात सुरू करू नका. बरेच कारागीर गावी जातात आणि काम अर्धवट असताना पाऊस गाठतो. हवेत ८५ टक्क्यांवर दमटपणा असेल त्या दिवशी रंग मारू देऊ नका, वर पांढरी झाक येते.

रंग साधा घ्या, मेटॅलिक नको. साध्या रंगात पुढे एखादा भाग परत मारायचा झाला तर जुळतो. हार्डनर घालायचा टू-के रंग टिकतो चांगला, पण त्याच्या फवाऱ्यात आयसोसायनेट हे छातीला घातक रसायन असतं. तो सोसायटीच्या आवारात मारायचा नाही, आणि मारणाऱ्यानं नाकाला रुमाल न बांधता योग्य मास्क लावला पाहिजे. मास्क तुम्ही विकत घेऊन द्या.

रंग झाल्यावर खालून डांबरी कोटिंग करून देतो म्हणून जून तोंडावर आला की बरेच जण मागे लागतात. साफ आणि प्रायमर मारलेल्या पत्र्यावर ते ठीक आहे. गंजावर मारलं तर ओलावा आत कोंडला जातो आणि पत्रा नजरेआड सडतो. जळकं ऑइलही नको, त्यानं रबरं फुगतात आणि ते रस्त्यावर गळत राहतं. बंद चॅनलच्या आत मात्र लांब नळीनं कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत फवारायचं गंजरोधक मेण) जरूर मारा, त्याच पाण्याच्या भोकांतून.

आरटीओचं थोडक्यात

रंग बदलत असाल तर आरसी बुकात नोंद लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, म्हणून नवी खिडकी किंवा उंच छत कापण्याआधी आरटीओत विचारा. पंधरा वर्षांनंतर खाजगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी तपासणीसह वाढवावी लागते. तपासणीच्या तारखेआधी फ्लोअर आणि सीट बेल्टच्या जागा पक्क्या झालेल्या हव्यात.

पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेल्या गाड्यांसाठी २०२१ साली केंद्रानं वेगळे नियम केले. ‘व्हीए’ अक्षरांची नंबरप्लेट मिळते, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नूतनीकरणाला ५,०००, मुदत दहा वर्षं. त्यात अट अशी की चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. तुमची गाडी त्या वयाच्या जवळ आली असेल तर कापण्याआधीचे, कापतानाचे आणि जोडल्यानंतरचे फोटो तारखेसह जपून ठेवा. मूळ आकार राखून दुरुस्ती केली आहे हे दाखवायला तेच उपयोगी पडतात.

काम झाल्यावर पहिल्या पावसात आत टॉर्च घेऊन बसा, खडूच्या खुणा होत्या त्या सगळ्या जागा बघा. काशीदला किंवा दिवेआगरला गाडी वाळूवर नेलीत तर परतल्यावर खालून गोड्या पाण्यानं धुवा, चाकांच्या कमानींच्या आतली कड विसरू नका. दर ऑक्टोबरला प्लायचा एक तुकडा उचलून फ्लोअर बघा. त्यासाठी प्लाय बसवतानाच एक तुकडा सुटा, स्क्रू न मारलेला, सिंकच्या खाली ठेवा.